प्रोग्राम विंडोजचा, संगणक लिनक्सचा

पुण्याच्या पेठांमधल्या डीटीपीच्या खोल्यांत एखादा जुना संगणक हमखास सापडतो. नव्या यंत्रांशेजारी तो जपून ठेवलेला असतो, इंटरनेटपासून तोडलेला असतो आणि त्याला हात लावायची मुभा एखाद्याच माणसाला असते. त्यावर विंडोज एक्सपी, पानं लावायला पेजमेकर आणि मराठी टाइप करायला श्रीलिपी किंवा आयएसएम. पंधरा वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची ठरली, की प्रकाशकाचा माणूस आधी त्या संगणकाची तब्येत विचारतो.

आता त्याच्या शेजारच्या ‘नव्या’ यंत्रांवरही वेळ आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी संगणक कागदोपत्री म्हातारे ठरले. अशा यंत्रावर लिनक्स टाका, हा सल्ला फुकट मिळतो आणि बऱ्याचदा तो योग्यही असतो. पण ऐकणाऱ्याचे प्रश्न ठरलेले असतात. माझं टॅली चालेल का? पेजमेकर चालेल का? मराठी टाइप होईल का?

तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत, आणि तिसरं सगळ्यांत अवघड आहे. कारण मूळ प्रोग्राम बहुतेकदा कसाबसा का होईना चालवता येतो. अडतं ते त्याच्या भोवतालचं: कीबोर्ड, फॉन्ट, लॉक, प्रिंटर.

प्रोग्राम कशाला बांधलेला असतो

एकाच इंटेल प्रोसेसरवर विंडोजही चालतं आणि लिनक्सही. म्हणजे बेरीज-वजाबाकी करणाऱ्या सूचना दोन्हीकडे सारख्याच असतात. तरीही विंडोजची .ईएक्सई फाइल लिनक्सवर दोनदा क्लिक करून उघडत नाही, याची कारणं दोन.

पहिलं किरकोळ आहे. प्रोग्रामची फाइल आतून कशी रचायची, याचे दोघांचे नियम निराळे. दुसरं कारण खरं. कोणताही प्रोग्राम एकट्याने फारसं काही करत नाही. फाइल उघडून दे, खिडकी काढ, या फॉन्टमध्ये हे अक्षर दाखव, प्रिंटरला पान पाठव, अशा हजारो मागण्या तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे करत असतो. विंडोजमध्ये या मागण्या पुऱ्या करणारा कोड ‘कर्नल३२’, ‘यूझर३२’, ‘जीडीआय३२’ अशा नावांच्या डीएलएल फाइलींत असतो. लिनक्सवर या फाइली नाहीत. मागणी ऐकणारंच कोणी नाही म्हटल्यावर प्रोग्राम पहिल्याच पावलाला थांबतो.

यातून सुटायचे मार्ग मोजकेच आहेत. मागण्या ऐकणारं कोणीतरी नवं उभं करायचं, अख्खं विंडोजच आत आणून बसवायचं, प्रोसेसरचीच नक्कल करायची, नाहीतर प्रोग्राम दुसऱ्या संगणकावर चालवून आपण फक्त त्याचा पडदा पाहायचा.

महाराष्ट्रात हा प्रश्न विंडोजच्याच बाजूने पडतो, यालाही इतिहास आहे. २००१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून लाखो मराठी माणसांनी संगणक हाताळायला सुरुवात केली, आणि तो संगणक म्हणजे विंडोज आणि एमएस ऑफिस. हाताला लागलेली सवय प्रोग्रामइतकीच चिवट असते.

सी-डॅकचं जिस्ट कार्ड

प्रोग्रामला हात न लावता त्याच्या भोवतालची परिस्थिती बदलायची, हा खटाटोप पुण्याला नवा नाही. सी-डॅकची स्थापना १९८८ मध्ये पुण्यात झाली. लोकांना तिथला ‘परम’ महासंगणक आठवतो. कचेऱ्यांच्या उपयोगी मात्र जास्त पडलं ते जिस्ट. या तंत्राची सुरुवात आयआयटी कानपूरला झाली आणि मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली ते सी-डॅकमध्ये वाढलं.

तेव्हा डॉसवर चालणारे वर्डस्टार, डीबेस, लोटस हे प्रोग्राम इंग्रजीखेरीज काही जाणत नव्हते. त्यांचा सोर्स कोड परदेशी कंपन्यांकडे. त्यात मराठी घालणं शक्यच नव्हतं. म्हणून संगणकात एक कार्ड बसवलं गेलं. प्रोग्राम पडद्याकडे अक्षरांचे क्रमांक पाठवी, कार्ड ते मध्येच घेई आणि त्यांची जोडाक्षरांसह देवनागरी करून दाखवी. क्रमांकांची वाटणी इस्की या पद्धतीने केलेली होती. खालचे १२८ क्रमांक इंग्रजीला होते तसेच ठेवले आणि वरचे १२८ भारतीय लिपींना दिले. १९९१ मध्ये इस्की भारतीय मानक झालं. आपण रेशनकार्डवरची नावं मराठीत साठवतो आहोत, याचा डीबेसला पत्ताही नसे.

आज लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं ‘वाइन’ याच बेताचं आहे. फरक इतकाच, की जिस्टला फक्त पडद्याची आणि कीबोर्डची बाजू सांभाळायची होती. वाइनला सगळंच सांभाळावं लागतं.

वाइन

वाइन १९९३ मध्ये सुरू झालं. बॉब ॲमस्टाट हे त्याचे पहिले सूत्रधार. १९९४ पासून ते अलेक्झांद्र ज्युलियार्ड यांच्या देखरेखीखाली आहे. तेव्हा लक्ष्य होतं विंडोज ३.१ चे प्रोग्राम. पहिली पक्की आवृत्ती, १.०, यायला जून २००८ उजाडला. म्हणजे पंधरा वर्षं. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात एवढा धीर क्वचितच कोणी दाखवला असेल.

इतका वेळ का लागला? वाइनमध्ये मायक्रोसॉफ्टचा कोड नाही. विंडोजच्या डीएलएल फाइली जे करतात तेच करणाऱ्या फाइली त्यांनी बाहेरून पाहून, चाचण्या घेऊन नव्याने लिहिल्या. नवी फाइल कागदपत्रांत लिहिल्याप्रमाणे वागून भागत नाही. जुने प्रोग्राम विंडोजच्या चुकांवरही विसंबून असतात. त्यामुळे वाइनला विंडोजचे गुण आणि विंडोजचे दोष, दोन्ही हुबेहूब उतरवावे लागतात.

प्रोसेसरची नक्कल करावी लागत नसल्याने वाइनमधला प्रोग्राम जवळपास मूळ वेगाने चालतो. विंडोजचा परवाना विकत घ्यावा लागत नाही. वाइन तुमच्या फोल्डरमध्ये एक लपलेला कप्पा करतं, त्याला प्रीफिक्स म्हणतात. त्यात लुटुपुटूचा सी ड्राइव्ह, रजिस्ट्री, प्रोग्राम फाइल्स असं सगळं असतं. एका प्रोग्रामला एक प्रीफिक्स ठेवावा. दोन प्रोग्रामांना वेगवेगळ्या जोडफाइली लागल्या तर भांडण होत नाही आणि नको झालं की अख्खा कप्पा पुसता येतो. ‘बॉटल्स’सारखं साधन हे काम माउसने करू देतं, ‘वाइनट्रिक्स’ राहिलेल्या जोडफाइली आणून बसवतं.

एक गैरसमज पक्का झालेला दिसतो, की वाइन म्हणजे बंद खोली, आतला व्हायरस बाहेर येणार नाही. तसं नाही. वाइन सुरुवातीलाच झेड ड्राइव्ह म्हणून तुमची अख्खी डिस्क प्रोग्रामपुढे उघडी ठेवतं. तुम्हाला जी फाइल पुसता येते ती त्यालाही पुसता येते. कुठून तरी उतरवलेला ‘क्रॅक’ केलेला प्रोग्राम लिनक्सवर आहे म्हणून निर्धोक होत नाही.

वाइनला अलीकडे आलेल्या बळाचं श्रेय खेळांना आहे. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ ही वाइनवर आधारलेली व्यवस्था आणली. २०२२ मध्ये त्याच जोरावर विंडोजचे खेळ चालवणारं ‘स्टीम डेक’ हे लिनक्सचं हातयंत्र बाजारात आलं. मुलांच्या खेळांसाठी ओतलेल्या पैशातून हिशेबनिसांच्या खिडक्याही नीट दिसू लागल्या. हिशेबनीस मात्र अजून खेळांना नावं ठेवतात.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. ६४ बिट विंडोज हे विंडोज ३.१ च्या काळातले १६ बिट प्रोग्राम चालवतच नाही आणि विंडोज ११ फक्त ६४ बिट रूपातच मिळतं. ६४ बिट लिनक्सवरचं वाइन मात्र त्यांतले पुष्कळसे अजून चालवतं. प्रोग्राम ३२ बिटचा पण त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा, अशा जुन्या सीडी घरोघरी पडून असतात. त्यांच्यासाठी नव्या विंडोजपेक्षा लिनक्स जास्त ‘विंडोज’ आहे.

कोणता प्रोग्राम कितपत चालतो याची यादी वाइन प्रकल्प ठेवतो. प्लॅटिनमपासून ‘गार्बेज’पर्यंत दर्जे असतात. दर्जा पाहताना तो प्रोग्रामच्या कोणत्या आवृत्तीला दिला आहे तेही पाहावं. अडोबीच्या जुन्या डब्यातल्या आवृत्त्या आणि आजचं क्रिएटिव्ह क्लाउड यांत फार अंतर आहे. नव्याचा इन्स्टॉलरच वाइनला वर्षानुवर्षं अडवत आला आहे.

यंत्रात यंत्र

दुसरा मार्ग व्हर्च्युअल मशीनचा. यात लिनक्सवर एक आभासी संगणक उभा करायचा आणि त्यात खरंखुरं विंडोज टाकायचं. जुन्या वाड्यात मालक पुढच्या चौकात आणि भाडेकरू मागच्या खोल्यांत वेगळी चूल मांडून राहत. नळ आणि जिना एकच, पण एकाच्या घरात दुसऱ्याचा हुकूम चालत नसे. इथेही प्रोसेसर आणि रॅम सामाईक, पण आतल्या विंडोजला आपण भाड्याने राहतो आहोत हे जाणवत नाही.

व्हीएमवेअरने १९९९ मध्ये साध्या पीसीवर हे शक्य करून दाखवलं. इंटेल आणि एएमडीने २००५-०६ च्या सुमारास प्रोसेसरमध्येच त्याची सोय घातली. २००७ मध्ये केव्हीएम ही आभासी यंत्रं चालवायची सोय थेट लिनक्सच्या गाभ्यात आली. आज व्हर्च्युअलबॉक्स किंवा केव्हीएमवर चालणारी साधनं फुकट मिळतात. बसवताना ‘व्हर्च्युअलायझेशन उपलब्ध नाही’ असा संदेश आला, तर प्रोसेसरला दोष देण्याआधी बायोसमध्ये ती सोय बंद ठेवलेली आहे का ते पाहावं. बहुतेकदा तेच निघतं.

खर्च दोन प्रकारचा. रॅम वाटून घ्यावी लागते. ८ जीबीच्या संगणकात विंडोज १० ला ४ जीबी दिली की दोघेही कुरकुरत चालतात, एक्सपीला मात्र १ जीबी चैनीची होते. आणि आत खरं विंडोज असल्याने त्याचा परवाना लागतो. आपल्या लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज आभासी यंत्रात टाकायची मुभा असतेच असं नाही, ते कागद वाचून ठरवावं.

टॅलीचं उत्तर इथे आहे. टॅलीप्राइम फक्त विंडोजसाठी बनतं. वाइनवर ते चालवून दाखवणारे लोक आहेत. पण व्यापाऱ्याची वर्षभराची खाती ज्यात आहेत आणि जे वाइनवर बसवायची युक्ती आवृत्तीगणिक बदलते, त्यावर असा प्रयोग मी कोणाला सुचवणार नाही. आभासी यंत्रातलं विंडोज हाच त्यावरचा शहाणा उपाय. क्लाउडवरून टॅली चालवायची सोय कंपनी स्वतःही विकते.

आभासी यंत्राची खरी मजा ‘स्नॅपशॉट’मध्ये आहे. विंडोज, पेजमेकर, फॉन्ट सगळं मनाजोगतं बसलं की त्या क्षणाची नोंद करून ठेवायची. पुढे काही बिघडलं तर दोन मिनिटांत त्या क्षणाला परत जाता येतं. शिवाय अख्खं यंत्र म्हणजे एक मोठी फाइल, ती पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर ठेवता येते. पेठेतला तो जपलेला एक्सपी संगणक बंद पडायच्या आत त्याची अशी फाइल करून घेणं, हे या लेखातलं सगळ्यांत तातडीचं काम आहे. एक्सपीचे सुरक्षा-अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच थांबले, तेव्हा त्या आभासी यंत्राचं नेटवर्क बंदच ठेवावं. फाइलींची देवाणघेवाण सामाईक फोल्डरमधून होते.

प्रोसेसरच वेगळा असला तर

२०२० च्या अखेरीस ॲपलने मॅकमध्ये स्वतःचे प्रोसेसर घालायला सुरुवात केली. त्यांची भाषा इंटेलपेक्षा निराळी. जुन्या इंटेल मॅकवर ‘बूट कॅम्प’ने थेट विंडोज टाकता येई, ती वाट त्याबरोबर बंद झाली. इंटेलसाठीचे मॅकचे प्रोग्राम चालवायला ‘रोझेटा २’ सूचनांचं भाषांतर करतं, पण तेही कायमचं नाही. मॅकओएस २७ पर्यंतच ते पूर्णपणे मिळेल, असं ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलं. मॅकवर विंडोज हवं असेल तर पॅरलल्स या आभासी यंत्राच्या साधनात एआरएमसाठीचं विंडोज ११ टाकतात आणि इंटेलच्या प्रोग्रामांचं भाषांतर ते विंडोज आतल्या आत करतं.

अख्ख्या प्रोसेसरची नक्कल करणारा एक प्रोग्राम पुण्याच्या कॉलेजांतल्या मुलांच्या रोजच्या वापरात होता, त्यांनी त्याचं नाव ऐकलेलं नसलं तरी. तो म्हणजे डॉसबॉक्स. टर्बो सी++ या कंपायलरची ती निळी खिडकी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची, डॉसची. तिच्या नंतर, १९९८ मध्ये, सी++ चं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक आलं. नवं विंडोज ती खिडकी चालवेना, तेव्हा कोणीतरी डॉसबॉक्ससह तिचं गाठोडं बांधलं आणि ते लॅबमधून लॅबमध्ये फिरलं. २००२ मध्ये जुने खेळ खेळता यावेत म्हणून लिहिलेल्या साधनाने परीक्षेत चित्रं काढायला लागणाऱ्या, टर्बो सी++ मधल्या ‘ग्राफिक्स.एच’ची लाज राखली. तंत्र म्हणून हे सुंदर आहे. शिक्षण म्हणून नाही. पुणे विद्यापीठाच्याच संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकांसाठी ६४ बिट मुक्त लिनक्सची शिफारस असते आणि लिनक्ससोबत मिळणारा जीसीसी कंपायलर मानकाप्रमाणे शिकवतो.

उलट्या दिशेचा प्रवास आता सोपा झाला आहे. २०१६ पासून विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय मायक्रोसॉफ्ट देतं. हिंजवडीतल्या प्रोग्रामरांचं काम त्यावर भागतं. त्यांची काळजी करायचं कारण नाही.

मराठीचा अडसर

परदेशी लेखांत हा भाग नसतोच, आणि आपलं घोडं नेमकं इथेच अडतं.

आपल्याकडच्या संगणकांत दोन प्रकारचं मराठी आहे. पहिलं जुन्या फॉन्टांतलं: सी-डॅकच्या आयएसएममधलं ‘डीव्ही-टीटी सुरेख’, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीमधले ‘श्री-देव’ मालिकेतले फॉन्ट, आणि असे पुष्कळ. या फाइलींत मराठी साठवलेलंच नसतं. असतात ते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक. फॉन्ट त्या क्रमांकांवर काना, वेलांटी, अर्धा क, अर्धा त अशी शकलं बसवतो आणि आपल्याला मराठी दिसतं. कोणतं शकल कोणत्या क्रमांकावर, हे ज्याचं त्याने ठरवलेलं. म्हणून फॉन्ट बदलला की ‘महाराष्ट्र’ची बाराखडी विस्कटते.

नवल म्हणजे असा मजकूर लिनक्सवर दिसायला काहीच त्रास नाही. ज्याचा परवाना आपल्याकडे आहे तो टीटीएफ फॉन्ट लिनक्समध्ये टाकला की जुनी वर्ड फाइल लिबरऑफिसमध्ये बरीच जशीच्या तशी दिसते. अडचण टाइप करताना येते. आयएसएम किंवा श्रीलिपी पडद्यामागे बसून तुमची प्रत्येक कळ पकडतात आणि तिच्याजागी त्या फॉन्टचे क्रमांक पुढे धाडतात. वाइनमध्ये बसवलेला असा प्रोग्राम फक्त वाइनमधल्याच खिडक्यांच्या कळा पकडू शकतो, त्याही एकाच प्रीफिक्समधल्या. शेजारी उघडलेल्या लिनक्सच्या लिबरऑफिसमध्ये त्याचा हात पोचत नाही. म्हणजे टाइप करणारं साधन आणि ज्यात टाइप करायचं तो प्रोग्राम एकाच कप्प्यात हवेत. इतकी कसरत करण्यापेक्षा दोन्ही आभासी यंत्रात ठेवणं बरं.

दुसरं मराठी युनिकोडमधलं. इथे लिनक्स मागे नाही. इनस्क्रिप्ट आणि ध्वन्यात्मक, दोन्ही कीबोर्ड आयबस या व्यवस्थेतून मिळतात. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिलेले ‘लोहित’ फॉन्ट बहुतेक लिनक्समध्ये असतात आणि भारतीय भाषांचं पुष्कळ काम कंपनीच्या पुण्यातल्या कचेरीत झालं. पण वाइनमधल्या विंडोज प्रोग्रामात युनिकोड मराठी लिहिताना जोडाक्षरं जुळवायचं काम वाइनने नव्याने लिहिलेल्या डीएलएल फाइलींवर पडतं, आणि तिथे प्रोग्रामागणिक अनुभव बदलतो. खरेदी करण्याआधी त्यात चार शब्द लिहून पाहावेत: त्र्यंबक, दुसऱ्या, ज्ञानेश्वर, ॲड. ‘दुसऱ्या’मधला र फार महत्त्वाचा. हिंदीत तो लागत नाही, त्यामुळे ज्यांनी देवनागरी हिंदीवर तपासली त्यांच्या नजरेतून तो निसटतो.

पेजमेकरचं उत्तर यातच दडलं आहे. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ ची आणि त्याला युनिकोड देवनागरी येत नाही. तो लिनक्सवर चालवा, विंडोजवर चालवा, चंद्रावर चालवा, त्यात युनिकोड मराठी पानं लागणार नाहीत. जुन्या फॉन्टांतली जुनी कामं उघडण्यापुरताच त्याचा उपयोग. नव्या पुस्तकासाठी इनडिझाइन घ्यावं, त्यात २०१२ च्या सीएस६ पासून भारतीय लिपी नीट जुळतात. किंवा लिनक्सवरच चालणारं स्क्राइबस पाहावं. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या त्याच्या १.६ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं व्यवस्थित लागतात. सफाई इनडिझाइनएवढी नाही, पण कवितासंग्रह किंवा स्मरणिका लावायला पुरे.

लॉक आणि टोकन

महागडी मराठी सॉफ्टवेअर आणि अभियांत्रिकीचे प्रोग्राम हार्डवेअर लॉकसह येत. संगणकाला मागून ते बोंडूक लावलं नाही तर प्रोग्राम उघडत नसे. लॉकचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो, आणि वाइनला तो गाभा नाही. म्हणून लॉक मागणारा प्रोग्राम बहुधा वाइनमध्ये चालत नाही, उगाच दिवस घालवू नये. आभासी यंत्रात यूएसबी लॉक आत सोपवता येतं, आणि ते बहुतेकदा ओळखलंही जातं.

खरी पंचाईत जुन्या पॅरलल पोर्टच्या लॉकची होते. नव्या संगणकाला ते पोर्टच नसतं. यूएसबीचं पॅरलल करून देणारी केबल दुकानात मिळते, पण ती प्रिंटरसाठी घडवलेली असते, लॉकशी तिचं जमत नाही. अशा वेळी कंपनीकडे जाऊन लॉक बदलून मागणं हा सरळ रस्ता आहे.

चार्टर्ड अकाउंटंट, कंत्राटदार आणि वकील यांना डिजिटल सहीचं टोकन लागतं. त्याबाबत वाइनच्या भरीस पडूच नये. कित्येक टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर त्या त्या कंपन्या देतात. तो बसवून लिनक्सच्याच ब्राउझरमधून सही होते का पाहावं, न झाल्यास आभासी यंत्र आहेच.

न्यायालयाने काढलेली वाट

शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात पक्षकाराला पुढची तारीख ज्या प्रणालीतून कळते, ती केस इन्फर्मेशन सिस्टिम एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेच्या पुणे केंद्रात तयार झाली आणि ईकोर्ट्स प्रकल्पातून देशभरच्या जिल्हा न्यायालयांत गेली. ती मुक्त सॉफ्टवेअरवर उभी आहे आणि न्यायालयांतले संगणक मोठ्या प्रमाणावर उबुंटू लिनक्सवर चालतात. बाहेर वकिलांच्या कचेऱ्यांत सगळीकडे विंडोज. तरी काम अडत नाही, कारण प्रणाली ब्राउझरमध्ये उघडते. कोणत्या यंत्रावर ब्राउझर आहे याच्याशी तिला कर्तव्य नाही.

दुसऱ्याचा प्रोग्राम आपल्याकडे चालवण्याचा प्रश्न यात सुटत नाही, उद्भवतच नाही. ब्राउझर म्हटलं की सगळं मोकळं, असंही समजू नये. कित्येक सरकारी आणि बँकांच्या साइट इंटरनेट एक्सप्लोररच्या ॲक्टिव्हएक्सवर बांधल्या गेल्या होत्या, म्हणजे वेबसाइट असूनही त्या विंडोजला जखडलेल्या होत्या. १५ जून २०२२ ला एक्सप्लोरर निवृत्त झाला आणि त्या साइटांची फारच तारांबळ उडाली.

प्रोग्राम हवा की फाइल?

जुना प्रोग्राम जिवंत ठेवायची धडपड पाहिली की विचारावंसं वाटतं: तुम्हाला प्रोग्राम हवा आहे, की त्यात अडकलेला मजकूर? पुण्यातल्या प्रकाशकांपुरतं बोलायचं तर नव्वद आणि दोन हजारच्या दशकांत लागलेली पुस्तकं पेजमेकरच्या फाइलींत आहेत. त्यांना मजकूर हवा असतो.

मग काही दारं उघडतात. इनडिझाइन सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ आणि त्यापुढच्या फाइली उघडतात, नंतरच्या क्लाउड आवृत्त्या उघडत नाहीत. ज्याच्याकडे जुन्या इनडिझाइनची सीडी आहे त्याने ती भंगारात देऊ नये. लिबरऑफिसही २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरची फाइल वाचतं. पानं तंतोतंत लागत नाहीत, पण मजकूर हाती येतो, आणि तोही लिनक्सवर, पेजमेकर नसताना.

आधी मूळ प्रोग्राममधून प्रत्येक पुस्तकाची पीडीएफ काढून ठेवावी, म्हणजे पुढे ताडून पाहायला साक्षीदार राहतो. मग मजकूर युनिकोडमध्ये न्यायचा. ते करणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यांना साधा मजकूर देऊ नये. साध्या मजकुरात कोणतं वाक्य सुरेखमध्ये होतं आणि कोणतं खऱ्या इंग्रजी फॉन्टमध्ये, ही माहिती पुसली जाते आणि पुस्तकातल्या इंग्रजी शब्दांचंही ‘मराठी’ होऊन बसतं. फॉन्टची नोंद टिकवणाऱ्या आरटीएफसारख्या रूपात मजकूर काढून फॉन्टागणिक बदलावा.

बदललेला मजकूर डोळ्यांना अचूक दिसला तरी दोन अक्षरं तपासून घ्यावीत. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. त्याआधीच्या रिवाजाने चालणारे कन्व्हर्टर ‘अ’वर चंद्र ठेवून तो जोडतात. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य देखील दोन तऱ्हांनी लिहिता येतो: खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. छापील पानावर फरक दिसत नाही. शोधायला गेलं की दिसतो. सूचीसाठी ‘ॲड.’ शोधलं तर पुस्तकातले निम्मे वकील सापडतच नाहीत. म्हणून सूची करायला बसण्याआधी ‘शोधा आणि बदला’ने दोन्ही अक्षरं सगळ्या पुस्तकभर एकाच तऱ्हेची करून घ्यावीत.